वायफायचं नाव एकच ठेवायचं की दोन? राउटरचे बँड ठरवताना

फायबरचं नवीन कनेक्शन जोडून झालं की नेटवाला जाताना वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून देतो. पुष्कळदा नावं दोन असतात. एक साधं, दुसरं त्याच नावाला शेवटी '५जी' लावलेलं. पासवर्ड दोन्हींचा एकच. काही राउटर एकच नाव दाखवतात आणि कोणाला कुठे जोडायचं ते स्वतः बघतात. घरातली मंडळी फोनवर जे नाव वर दिसेल त्याला जोडून मोकळी होतात, आणि पुढे वर्षभर 'तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो' हे पालुपद चालू राहतं. (त्या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा एक पट्टा आहे, एवढंच.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांत एकच नाव ठेवावं. वेगळं करायला एखादं ठोस कारण लागतं, आणि तशी कारणं तीन-चारच आहेत. ती आपल्या घरात आहेत का, हे तपासायला बहुधा सुट्टीचा एक दिवस पुरतो.

दोन बँडमधला फरक

२.४ गिगाहर्ट्झचा बँड भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. या चिंचोळ्या पट्टीत १३ चॅनल, म्हणजे बँडचे लहान भाग, बसवलेत, पण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११. चार मजल्यांच्या सोसायटीत फोनवर वीस-पंचवीस वायफाय दिसत असतील, तर ते सगळे याच तीन जागांवर दाटीवाटीने बसलेले असतात. ब्लूटूथ इथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा इथेच, सुमारे २.४५ गिगाहर्ट्झला. खात्री करायची असेल तर फोन २.४ वर ठेवून स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल लावा आणि ओव्हनमध्ये कपभर पाणी गरम करा. जुना ओव्हन असेल तर समोरच्याचा आवाज तुटायला लागतो आणि 'टिंग' झालं की पूर्ववत होतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनंतर भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतात. त्यामुळे ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल सहज मिळतं. दोन अँटेनांचा साधा वायफाय ५ (वायफायची पाचवी पिढी) फोन तिथे ८६७ एमबीपीएसपर्यंतची जोडणी करतो आणि हाती निम्मा वेग आला तरी चारशेच्या आसपास भरतो. तोच फोन २.४ वर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये, कागदोपत्री १४४ला थांबतो. शेजाऱ्यांची गर्दी धरली की प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मिळाले तरी समाधान मानावं. शंभरच्या पुढचा प्लॅन असेल तर २.४ वरून तो पूर्ण वसूल होणं अवघडच.

मग सगळं ५ वरच का नाही? भिंतींमुळे. वारंवारता वाढली की भिंतीत लाट जास्त जिरते. साध्या विटांच्या पार्टिशनमधून ५ गिगाहर्ट्झ तसा ठीक जातो. मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या, नव्या टॉवरांमध्ये मात्र आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे हॉलमधल्या राउटरची रेंज दुसऱ्या बेडरूममध्ये धापा टाकत पोहोचते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, जुन्या वाड्यांत हात-दीड हात रुंदीचं दगडी बांधकाम, तिथेही तीच गत. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवला असेल तर कुठलाही बँड हतबल होतो. टीव्हीच्या मागे राउटर लपवायची आपल्याकडची हौस आधी सोडा. निम्म्या घरांचं काम तेवढ्यानेच होईल.

एकच नाव असलं की आत काय चालतं

बाहेरून नाव एक दिसलं तरी राउटर दोन्ही बँडवर स्वतंत्रपणे बोलत असतो. दोन्हीकडे तेच नाव, तोच पासवर्ड. कुठल्या बँडला जोडायचं याचा शेवटचा निर्णय फोनचा असतो, राउटरचा नाही. राउटरला फक्त सुचवता येतं. फोन २.४ वर हाक मारतो तेव्हा राउटर मुद्दाम थोडं न ऐकल्यासारखं करतो, तोवर फोन ५ वर विचारणा करतो, आणि तिथे लगेच उत्तर मिळतं. आधीच जोडलेल्या फोनला '५ वर ये' असा निरोपही पाठवता येतो. त्यासाठी ८०२.११व्ही नावाचं प्रमाण आहे, पण तो निरोप मानायचा की नाही हे पुन्हा फोनच ठरवतो. या सगळ्याला बँड स्टिअरिंग म्हणतात. टीपी-लिंक आणि आसुसच्या राउटरवर त्याचं नाव स्मार्ट कनेक्ट.

गेल्या पाच-सहा वर्षांतले फोन आणि लॅपटॉप हा व्यवहार नीट सांभाळतात. जुने टीव्ही, स्वस्त टॅबलेट, छपाईयंत्रं यांच्याबद्दल मी तशी हमी देणार नाही. काही उपकरणं एकदा २.४ ला चिकटली की राउटर दोन हातांवर असला तरी हलत नाहीत.

पहिली पायरी: घरातल्या वस्तूंची यादी

कागद घ्या आणि वायफाय लागणारी प्रत्येक वस्तू लिहा. फोन-लॅपटॉप सगळ्यांना आठवतात. सुटतात त्या वस्तू वेगळ्याच: सीसीटीव्ही कॅमेरा, दाराची बेल, स्मार्ट प्लग, रंगीत बल्ब, गीझरचा टायमर, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा डेटा पाठवणारी डबी. या छोट्या वस्तूंमधल्या बहुतेकांना फक्त २.४ समजतं. कित्येक स्वस्त प्लगमध्ये आणि बल्बमध्ये ईएसपी८२६६ जातीची चिप असते आणि तिला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही.

यादीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी टिपा: ही वस्तू फिरती आहे की एका जागची, आणि ती २.४पुरतीच आहे का. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'फक्त २.४' अशी ओळ बारीक अक्षरांत सापडते.

इथेच एक निर्णय उरकून घ्या. एका जागची आणि नेट भरपूर खाणारी वस्तू म्हणजे टीव्ही किंवा टेबलावरचा कॉम्प्युटर. शक्य असेल तर त्यांना वायरच द्या. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि लोक त्याला नाकं मुरडतात. पण फोर-के सिनेमाला पंधरा ते पंचवीस एमबीपीएस पुरतात, त्यामुळे बिघडत काही नाही. टीव्ही वायरवर गेला की बँडचं अर्धं भांडण संपतं.

दुसरी पायरी: सध्या कोण कुठे जोडलंय

अँड्रॉइडवर वायफायच्या यादीत जोडलेल्या नावाच्या बाजूचं चाक किंवा बाण दाबला की बहुतेक फोनवर 'फ्रिक्वेन्सी' दिसते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क अँड इंटरनेटखाली वायफायचे गुणधर्म उघडले की बँड आणि चॅनल लिहिलेलं असतं. मॅकवर ऑप्शनची कळ धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर टिचकी मारा. आयफोन हे सरळ सांगत नाही. त्यापेक्षा राउटरच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी बघणं सोपं.

तिसरी पायरी: खोल्याखोल्यांतून फेरी

अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या. ते प्रत्येक बँडची ताकद डीबीएममध्ये दाखवतं. आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ला रडतखडत, आणि उणे ८० नंतर नाव दिसतं पण काम होत नाही.

प्रत्येक खोलीत, जिथे माणसं खरोखर बसतात तिथे, दार लावून दोन्ही बँडचे आकडे लिहा. पलंगावर, अभ्यासाच्या टेबलाशी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. फेरी रात्री नऊच्या सुमारास मारा. दुपारी शेजारी कामाला गेलेले असतात, तेव्हाच्या स्पीड टेस्टला काही अर्थ नसतो.

सगळ्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झ उणे ७०च्या आत असेल, तर फार विचार करू नका, एकच नाव ठेवा. वन बीएचके असेल तर ही फेरीसुद्धा वगळलीत तरी चालेल. एखाद्या खोलीत ५ चा आकडा उणे ८०ला टेकत असेल आणि २.४ उणे ६५ असेल, तर तीच खोली तुमची कसोटी. एकच नाव ठेवून तिथे आठवडाभर वापरून बघा. फोन तिथे गेल्यावर आपणहून २.४ वर उतरतो आणि हॉलमध्ये परत आल्यावर ५ वर चढतो का? चढत असेल तर काम झालं.

चौथी पायरी: एकच नाव करण्यासाठी

राउटरला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. जिओच्या राउटरला साधारण १९२.१६८.२९.१ आणि बऱ्याच इतरांना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). लॉगिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. अजून 'ॲडमिन'च असेल तर आधी तो बदला.

बदल करण्याआधी वायरलेसच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

आता स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग अशी कळ असेल तर ती चालू करा. नसेल तर दोन्ही बँडना हाताने सारखं नाव द्या, सारखा पासवर्ड द्या आणि सुरक्षेचा प्रकारही सारखाच निवडा. हे तिसरं बरेचजण विसरतात. एका बँडवर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए३ ठेवलं, तर फोन दोघांना एक मानत नाही आणि मग अधूनमधून विनाकारण पासवर्ड मागत बसतो.

नाव ठरवताना एक युक्ती आहे. सध्या २.४ला जे नाव आहे तेच दोघांसाठी ठेवा. कॅमेरे, प्लग, बल्ब सगळे त्याच नावावर नोंदलेले असतात, त्यांना हातही लावावा लागत नाही. नवीन नाव दिलंत तर शिडी घेऊन एकेक बल्ब रीसेट करायची वेळ येते. फोनमधून मात्र जुनं '५जी'वालं नाव 'फर्गेट' करून टाका.

चॅनलबद्दल थोडक्यात. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. सोसायटीत ४० केलं की वेग वाढण्याऐवजी भांडणं वाढतात. चॅनल १, ६, ११ पैकी ॲपमध्ये जिथे गर्दी कमी दिसेल ते. ५ वर रुंदी ८० आणि चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं.

५ वर मधले चॅनल, म्हणजे ५२ ते १४४, मी टाळतो. ही जागा रडारही वापरतात, म्हणून यांपैकी चॅनल निवडलेला असला की राउटर सुरू झाल्यावर निदान मिनिटभर रडार आहे का ते ऐकत गप्प बसतो. आपल्याकडे याचा त्रास लाइट जाऊन आल्यावर होतो. २.४ लगेच उठतो, घरातल्या साऱ्या वस्तू धावत त्याच्यावर जाऊन बसतात, ५ मागाहून येतो तोवर टीव्ही २.४ वर ठाण मांडून बसलेला असतो. मग 'लाइट गेले की नेट स्लो होतं' अशी समजूत घरात रुजते. जिथे लाइटचा लपंडाव रोजचा आहे तिथे चॅनल ३६ निवडा आणि राउटरला हजार-दोन हजारांचा छोटा यूपीएस लावा.

वेगळी नावं कधी करावीत

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे नवीन बल्ब किंवा कॅमेरा जोडलाच न जाणं. ॲप म्हणतं 'फोन २.४ वर न्या', आणि एकच नाव असल्यामुळे फोनला तिकडे नेता येत नाही. यासाठी नावं कायमची फोडायची गरज नाही. राउटरच्या पानावरून ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, वस्तू जोडून घ्या, पुन्हा चालू करा. वस्तू २.४ वर राहते आणि फोन आपल्या जागी परततो. काही जण फोन घेऊन जिन्यात जातात, ५ ची रेंज तुटावी म्हणून. तेही चालतं, पण तिथून बल्बलाही ऐकू यायला हवं!

दुसरं कारण, घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप. टेबल ठरलेलं आहे, तिथे ५ ची ताकद चांगली आहे, तरी स्टिअरिंगच्या ओढाताणीत दिवसातून काही वेळा कॉल क्षणभर गोठतो. अशा वेळी ५ ला स्वतंत्र नाव देऊन लॅपटॉपमध्ये तेवढं एकच नाव ठेवलेलं बरं. तिसरं, एखादा हट्टी टीव्ही किंवा टॅबलेट, जो ५ ओळखतो पण २.४ सोडत नाही आणि वायर जिथे पोहोचत नाही. चौथं, दूरची खोली, जिथे फोन उणे ८२ च्या ५ लाच लोंबकळत राहतो.

यांपैकी काही असेल, तर फोडण्याआधी एक मधला मार्ग बघा. मला तो सगळ्यात आवडतो. मुख्य नाव दोन्ही बँडवर एकत्र ठेवा आणि गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) किंवा आयओटी नेटवर्क (स्मार्ट वस्तूंसाठीचं) फक्त २.४ वर चालू करा. बल्ब, प्लग, कॅमेरे तिकडे हलवा. माणसांची उपकरणं एका नावावर सुखाने फिरतात आणि डब्या आपल्या कोपऱ्यात राहतात. कुठल्या कंपनीचा कुठला कॅमेरा आत काय करतो कुणास ठाऊक, त्यामुळे तो तुमच्या लॅपटॉपपासून वेगळा असलेला बराच. मात्र छपाईयंत्र आणि टीव्ही गेस्टवर टाकू नका. गेस्टवरच्या वस्तू आणि मुख्य जाळ्यावरचे फोन एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे प्रिंट निघत नाही आणि फोनवरचे फोटो टीव्हीवर जात नाहीत.

उलट, एकाच राउटरच्या दोन बँडना वेगळी नावं दिली तरी जाळं एकच राहतं. फोन ५ वर आणि छपाईयंत्र २.४ वर असलं तरी प्रिंट निघते. 'दोन्ही एकाच वायफायवर पाहिजेत' असं दुकानदार सांगतो, ते इथे लागू नाही.

फोडायचंच ठरलं तर

स्मार्ट कनेक्ट बंद करा. जुनं नाव २.४ कडेच राहू द्या, नवं नाव ५ ला द्या. कारण मघाचंच, बल्बांची शिडी. नावं अशी ठेवा की आजोबांनाही कळावीत: 'जोशी-जवळ' आणि 'जोशी-लांब' हे 'जोशी-५जी'पेक्षा चांगलं. नाव लपवायच्या फंदात पडू नका. त्याने सुरक्षा वाढत नाही आणि काही उपकरणं जोडायला त्रास देतात.

मग प्रत्येक वस्तूला तिची जागा द्या. टीव्ही आणि लॅपटॉपमध्ये फक्त ५ चं नाव ठेवा, २.४ चं काढून टाका. दोन्ही नावं जतन असली की एखाद्या रात्री ते हळूच २.४ वर सरकतात. फिरत्या फोनमध्ये दोन्ही ठेवा, पण मग बदल तुम्हालाच करावा लागेल हे लक्षात घ्या. वेगळ्या नावांमध्ये फोन सहसा पहिलं पुरतं तुटेपर्यंत वाट बघतो.

मुलांच्या फोनला वेळेचं बंधन घातलं असेल तर आणखी एक गंमत होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन दर वायफाय नावाला वेगळा मॅक पत्ता, म्हणजे राउटर उपकरण ओळखतो तो क्रमांक, देतात. नावं दोन झाली की राउटरला एकच फोन दोन फोन वाटतो. रात्री दहाला एका नावावर नेट बंद, दुसऱ्यावर चालू. मुलांना हे तुमच्या आधी कळतं. बंधन दोन्ही पत्त्यांवर घाला.

मेश आणि वायफाय ७ असेल तर

मेशचे, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे, दोन-तीन डबे ठेवलेले असतील तर नाव एकच ठेवा. डब्यांमधून फिरताना जोडणी सुरळीत बदलावी यासाठीच ती रचना असते, आणि बरेच मेश फोडायचा पर्याय दडवूनच ठेवतात. वायफाय ७ मध्ये एकच फोन एकाच वेळी दोन बँड वापरू शकतो, त्याला एमएलओ म्हणतात. तिथे नावं फोडणं म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घेतलेली सोय बंद करणं. अशा राउटरवरसुद्धा बल्ब-प्लगसाठी २.४ चं गेस्ट नेटवर्क चालतं.

नेटवाल्याच्या डब्याला आपला राउटर जोडला असेल तर डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर एकाच खोलीत दोन राउटर एकमेकांवर ओरडत राहतात आणि बँडची सगळी मेहनत वाया जाते.

बदल केल्यावर तिसऱ्या पायरीतली फेरी पुन्हा त्याच जागांवर, त्याच वेळी मारा आणि आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा. फरक दिसला नाही तर नावांशी खेळत बसू नका. राउटरची जागा बदला किंवा आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढून तिथे दुसरा डबा लावा. आणि ते फोटो पुसू नका. तक्रार केल्यावर आलेला माणूस बहुतेक वेळा पहिलं काम म्हणून राउटर रीसेट करतो, आणि सगळी नावं पुन्हा चिकटपट्टीवरची होतात.